दुग्गम्माच्या टाकीची पाहणी

तीर्थहळ्ळी
१४ सप्टेंबर

प्रिय कुसुमक्का,

ऊन फुकट आहे. मग ते वापरल्याबद्दल वीज विकणारी कंपनी आपल्याला पैसे का देते?

हा प्रश्न अम्माचा आहे आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तू प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं मी तिला सांगितलं. सकाळी सगळ्या गावाचे गीझर एकदम लागतात, तेवढ्या वेळेपुरती कंपनीला महागाची वीज आणावी लागते, त्यापेक्षा लॉज, हॉस्टेल, दवाखाने अशा ठिकाणी निम्मा खर्च देऊन छपरावर सौर टाकी बसवून दिलेली परवडते. अम्मा बाळंतिणींसाठी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे दुकानदार मला सांगतो, बाई, माझ्याकडून गूळ घेऊ नकोस, मीच तुला पैसे देतो. असा दुकानदार तू पाहिलायस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

दोन वर्षं तुझ्या योजनेचं काम करते, शंभर ठिकाणी पत्रकं वाटली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तरी तिने होकार दिला. माझ्यासाठी दिला, हे मला कळतं. तिचा त्या हंड्यावर किती जीव होता! आजीचा तांब्याचा हंडा. हल्ली लाकूड मिळत नाही म्हणून त्यात विजेचे दोन रॉड सोडून पाणी तापवत होतो. एका हाताने बाळंतिणीला धरायचं आणि दुसऱ्याने रॉडची वायर बाजूला सारायची. मी रोज देवाचं नाव घ्यायची. आता नियमाप्रमाणे रॉड तुमच्या ऑफिसात जमा केले आणि हंडा तांबटाला दिला. त्या पैशात टाक्या विकणाऱ्या पैंनी टाकी बसवून दिली. बाकीचे पैसे कंपनीकडून आले की घेईन म्हणालेत. नाही आले तर टाकी उतरवून नेईन, असंही हसत हसत म्हणालेत.

घरमालक भट्टरु मात्र रोज गच्चीवर येऊन बघतात. "दुग्गम्मा, तुझ्या टाकीची सावली माझ्या सुपारीवर पडते. सूर्य काय तुम्हा मायलेकींचाच?" अम्मा म्हणते, "अर्धा तुमचा. तुमचा अर्धा सुपारी वाळवतो, आमचा पाणी तापवतो."

हसायला येतं, पण अक्का, रात्री मला झोप येत नाही. तुला ठाऊक आहे, अम्माने वीस वर्षं लोकांच्या बाळंतिणींना न्हाऊ घातलं ते मागच्या दाराने आत जाऊन आणि मागच्याच दाराने बाहेर पडून. लोक हातावर पैसे वरून टाकायचे. या सहा खोल्या भाड्याने घेतल्यापासून बाळंतिणी तिच्याकडे येतात, पुढच्या दाराने, आणि त्यांच्या सासवा चपला बाहेर काढून आत येतात. हे घर चालतं ते कढत पाण्यावर. पाणी गेलं की घर गेलं. आता सगळं त्या टाकीवर आहे, आणि टाकी आहे माझ्या शब्दावर.

म्हणजे खरं तर तुझ्या शब्दावर. हॉस्टेलात पहिल्या रात्री मी रडत होते तेव्हा तू म्हणाली होतीस, "शिकलेल्या बाईने घरच्यांना आधी घाबरवायचं नसतं, आधी करून दाखवायचं." मी करून दाखवते आहे.

तुझी,
वनजा


शिमोगा
२२ सप्टेंबर

ए वनजे,

तुझ्या अम्माला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, गूळ नको म्हणणारा दुकानदार शिमोग्यात बसलाय, पगार मात्र वेळेवर देत नाही.

नीट वाच. तुमच्या तालुक्यात यंदा एकाच जागेला मदत मिळणार आहे. यादीत पहिलं नाव दुग्गम्मांच्या घराचं आहे. दुसरं शेषगिरींच्या कल्याणमंटपाचं, त्या लग्नाच्या हॉलचं. होय, तेच शेषगिरी, माझे मोठे दीर. त्यांनी अजून टाकी बसवलेली नाही, नंबर लागला तर बसवीन म्हणतात. रोज जेवताना टोमणे ऐकते मी. "घरची सून वीज कंपनीत इंजिनियर, आणि आमच्या लग्नांचं पाणी आमच्याच खिशातून तापतं." जाऊबाई ताटात भात वाढताना म्हणतात, "राहू द्या हो, तिचं माहेरच्या मैत्रिणींकडे लक्ष जास्त." तू काळजी करू नकोस. नियम म्हणजे नियम, पहिला तो पहिला.

दिवाळीनंतर पाहणी होईल. पाहणीत एकच गोष्ट बघतात. टाकीतली विजेची कॉइल पावसाळ्यासाठी आहे, तीही दुपारी किंवा रात्री. पहाटे पाच ते नऊ ती चालू सापडली, तर मदत रद्द. त्या चार तासांची वीज वाचवायलाच तर हे सगळं आहे. एवढं सांभाळ.

मंगळूरची साडी नेसून फोटो पाठव. टाकीशेजारी उभी राहा. ऑफिसात लावीन.

कुसुमा


तीर्थहळ्ळी
१२ ऑक्टोबर

प्रिय कुसुमक्का,

फोटो सोबत आहे. साडी अम्माची आहे, माझी नाही. मागे टाकीवर बसलेला कावळा भट्टरुंच्या बाजूचा.

पाणी झकास तापतं. उघडीप आहे त्यामुळे पहाटेसुद्धा तांब्याला हात लावला की चटका बसतो. तीन नंबरच्या खोलीतल्या बाळंतिणीची सासू, होसनगरची, पहिल्या दिवशी नाक मुरडत होती, "उन्हाचं पाणी बाळंतिणीला? शिळं नाही का?" आता तीच रोज आधी स्वतः अंघोळ करून घेते. अम्मा म्हणते, हिचं बाळंतपण कधी झालं?

पण एक अडचण आली आहे आणि ती हसण्यावारी न्यावी की नाही हे मला कळत नाही. त्रयोदशीला संध्याकाळी पाणी भरायचा सण. आमच्याकडे हंडा घासून, चुना-कावेने रंगवून, कारिटाचा वेल बांधून दिवेलागणीला नव्या पाण्याने भरतात, हे तुला सांगायला नको. यंदा हंडा नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. तर काल अम्मा गच्चीवर जाऊन टाकीभोवती फिरून आली आणि म्हणाली, "हाच आता आपला हंडा. हा भरायचा."

"अम्मा, ती भरलेलीच असते."

"शिळ्या पाण्याने. सणाला शिळं पाणी चालतं होय?"

म्हणजे दिवसभर तापलेली टाकी संध्याकाळी रिकामी करायची आणि गार पाण्याने भरायची. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नरक चतुर्दशी! तुला आठवत असेल, त्या दिवशी अम्मा गल्लीतल्या सगळ्या बायकापोरांना तेल लावून न्हाऊ घालते, बाळंतिणी वेगळ्या. मी खूप समजावलं. दुपारी भरूया, ऊन मिळेल, म्हटलं. "दुपारी कोणी दिवा लावतं का?" भांडले असते, पण हंडा तिने माझ्या एका शब्दावर दिला. तिच्या त्या एका संध्याकाळच्या आड मला येववत नाही.

उपाय एकच. त्या रात्री कॉइल लावायची. पण संध्याकाळी जाणारी वीज दहानंतर येते आणि एवढ्या माणसांना पाणी पुरायचं तर कॉइल सकाळी सातपर्यंत तरी चालवावी लागेल. वर्षातून एकच पहाट. हे चालेल का? नियमाविरुद्ध आहे हे मला माहीत आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय करणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी अम्माशी भांडेन आणि गल्लीला सांगेन की यंदा न्हाण नाही.

जाता जाता एक गंमत. कॉइल चालू असली की लागतो तो लाल दिवा पैंच्या माणसाने कुठे बसवलाय माहीत आहे? भट्टरुंच्या सुपारीच्या खोलीत, पोत्यांच्या मागे! म्हणाला, वायर तिथपर्यंतच पुरली. आम्हाला दिवा बघायचा तर भट्टरुंकडे किल्ली मागावी लागते. ते विचारतात, "सुपारी मोजायला आलीस की दिवा?"

वाट बघते.
वनजा


शिमोगा
१८ ऑक्टोबर

वनजे,

अगं लाव बिनधास्त. सणाच्या पहाटे कोण पाहणीला येतंय? आमचे इन्स्पेक्टर त्या दिवशी आपापल्या घरी तेल लावून बसलेले असतात. अम्माचं मन मोडू नकोस. मी सांगते ना.

घाईत आहे. घरी पाहुणे.

कुसुमा


तीर्थहळ्ळी
२६ ऑक्टोबर

प्रिय कुसुमक्का,

कोणीतरी आपला घात केला. कोणी, ते शोधायला तू मला मदत कर.

त्रयोदशीची संध्याकाळ इतकी छान झाली होती. अम्माने टाकीवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, वेल बांधला. भट्टरुंनी स्वतः आपल्या सुपारीवरून उडी मारून दिवा आणून ठेवला. म्हणाले, "आता सूर्याला ओवाळता आहात तर माझ्या वाट्याचाही ओवाळा."

चतुर्दशीला पहाटे न्हाणीघराबाहेर रांग. पोरं थंडीने दात वाजवत होती, अम्मा एकेकाच्या टाळूवर तेल थापत होती. तेवढ्यात जीप आली. एक तरुण माणूस उतरला, रंगनाथ नावाचा. अम्माला वाटलं, कोणाचा तरी जावई.

"ये तम्मा, ये रे भाऊ, बस पाटावर, तेल लावते."

"मी कंपनीकडून आलोय, अम्मा."

"कंपनीचा असलास म्हणून काय झालं? डोकं आहे ना तुला?"

सगळ्या बायका हसल्या. तोही जरा हसला. मग अक्का, तो न्हाणीघरात गेला नाही, गच्चीवर गेला नाही. सरळ भट्टरुंकडे गेला, किल्ली मागितली आणि सुपारीच्या खोलीत शिरला. बाहेर आला तो खाली मान घालून.

"कॉइल चालू आहे."

मी म्हटलं, "हो. आज सण आहे. रोज नसते."

"ते मला लिहिता येत नाही, मॅडम."

अम्माने तांब्या भरून त्याच्यासमोर धरला. तिला वाटलं, पाण्याबद्दल तक्रार आहे. "हात घालून बघ. गरम नाही का?"

"गरम आहे, अम्मा. गरम आहे म्हणूनच तर."

त्याला ते लिहून घेताना फार बरं वाटत नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. मी त्याला कॉफी देऊ केली, घेतली नाही. अम्मा तेलाची वाटी हातात घेऊन जीपपर्यंत गेली. गाडी गेल्यावर म्हणाली, "सणाच्या दिवशी दारात आलेला माणूस तेल न लावता गेला. बरं नाही झालं." तिला अजून कळलेलंच नव्हतं. मी तिला दुपारी सांगितलं, सगळी पोरं न्हाऊन गेल्यावर. ती उरलेलं तेल बाटलीत परत ओतत बसली.

आपली मदत गेली, हो ना? पैंचा माणूस काल संध्याकाळीच येऊन टाकीकडे बघून गेला. माझा संशय त्याच्यावर आहे, किंवा होसनगरच्या त्या सासूवर. तिचं अम्माशी बिलावरून वाजलं होतं. तू ऑफिसात विचार ना, कोणी तक्रार केली? रंगनाथला कोणी पाठवलं? तुझ्याशिवाय मला तिथे कोणी नाही.

वनजा


शिमोगा
५ नोव्हेंबर

प्रिय वनजा,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. मी चौकशी केली. तक्रार वगैरे काही नाही. पाहणीच्या तारखा बंगळूरहून चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यात तुमची ती पहाट निघाली. नशीब म्हणायचं. रंगनाथ तरी काय करणार, दिसलं ते त्याने लिहिलं.

आता पुढचं बघ. तुझ्यावर ठपका येऊ नये म्हणून मी साहेबांशी बोलले. योजनेची कार्यकर्तीच नियम मोडते, असं व्हायला नको. तू एक निवेदन दे: आई अशिक्षित आहे, तिने मला न सांगता कॉइल चालू केली, मला कल्पना नव्हती. चार ओळी पुरेत. मग तुझं काम राहील, आणि मार्चमध्ये कायम जागा निघतेय, त्यात तुझं नाव मी घालते. तुझ्या अम्माला कोण विचारायला येतंय? तिचं काही जात नाही.

आणि तालुक्याची जागा आता दुसऱ्या नावाकडे गेली आहे. शेषगिरींच्या मंटपाची पाहणी स्थानिक कार्यकर्तीने करायची, म्हणजे तूच. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, तेव्हा लवकर उरकलंस तर बरं. कडवटपणा मनात ठेवू नकोस.

तुझी,
कुसुमा


तीर्थहळ्ळी
१० नोव्हेंबर

कुसुमक्का,

चिठ्ठी टाकून तारीख निघेल. चिठ्ठी टाकून सुपारीची खोली निघत नाही.

लाल दिवा त्या पोत्यांमागे आहे हे अम्माला, भट्टरुंना, पैंच्या माणसाला, मला आणि तुला ठाऊक होतं. कॉइल त्या पहाटे चालणार हे अम्माला, मला आणि तुला. भट्टरुंनाही मी सांगितलं नव्हतं, ते ओरडले असते.

रंगनाथला तू पाठवलंस का? होय की नाही, एवढंच लिही.

वनजा


शिमोगा
२४ नोव्हेंबर

वनजा,

दोन आठवडे मी हे पत्र लिहीत होते आणि फाडत होते. होय.

पण पुढचं वाच. मी खोटं काही लिहिलेलं नाही. कॉइल चालू होती, ती चालू लिहिली गेली. नियम तुला माहीत होता. सप्टेंबरात तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे शपथेवर सांगते. तुझं बारा ऑक्टोबरचं पत्र जेवणाच्या टेबलावर राहिलं आणि मोठ्या दिरांनी वाचलं. ते नुसते हसले आणि ते पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तेव्हापासून घरातलं सगळं बदललं. जाऊबाई कॉफी आणून द्यायला लागल्या. सासूबाईंनी पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. सहा वर्षं त्या घरात मी "ती ऑफिसवाली" होते. तुला सासर नाही, तुला नाही कळणार.

मी असा विचार केला की योजना पुढच्या वर्षीही आहे. दुग्गम्मांचा नंबर पुढच्या वर्षी पहिला लावीन. त्या एक वर्ष काढतील, त्यांनी याहून कठीण दिवस काढलेत. मंटपाचे मुहूर्त मात्र थांबत नाहीत. मला वाटलं, नुकसान कोणाचंच कायमचं होत नाही.

तू रागाने मंटपाची पाहणी अडवशील असं दिरांना वाटतं. मी त्यांना सांगितलं, वनजा तशी नाही. मला खोटं पाडू नकोस. आणि ते निवेदन दे. तुझ्या भल्याचं सांगते, अजूनही.

कुसुमा


तीर्थहळ्ळी
६ डिसेंबर

कुसुमक्का,

अक्का लिहायचं नाही असं ठरवलं होतं. हाताची सवय आहे.

तू विचारलं नाहीस तरी घरचं सांगते. पैंनी पंधरा नोव्हेंबरला टाकी उतरवली. हंडा नाही, रॉड नाहीत, टाकी नाही. चुलीवर पातेली ठेवून चार दिवस ओढले, पण सहा बाळंतिणींना ते पुरणार कसं? एकेक करून गेल्या. होसनगरची सासू, जिच्यावर मी संशय घेतला, तीच जाताना रडली आणि अम्माच्या हातात नारळ देऊन गेली. तिची माफी मला मागता आली नाही, कारण तिला काही ठाऊकच नव्हतं. चार खोल्या भट्टरुंना परत दिल्या. त्यांनी भाडं पुढे ढकलू म्हटलं, अम्मा नको म्हणाली. सोमवारपासून ती पुन्हा लोकांच्या घरी जाते. एक वर्ष काढतील, असं तू लिहिलंस. ते वर्ष काढायला ती पहाटे उठून, तेलाची बाटली पदराखाली धरून, हेग्गड्यांच्या गोठ्याकडच्या दाराने आत जाते. मी काल लांबून पाहिलं. दाराशी जरा थांबली, चपला काढल्या आणि आत गेली.

तुझ्या दिरांचा मला राग नाही. त्यांना मी माझ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. हॉस्टेलात माझे केस विंचरताना तू मला विचारायचीस, "घरी काय काय आहे गं तुझ्या?" आणि मी सगळं सांगायची. तेवढंच पुन्हा केलं. खोटं काही लिहिलं नाही म्हणतेस. "लाव बिनधास्त, मी सांगते ना," हे काय होतं?

मंटपाची पाहणी मी केली. दोन तारखेला, पहाटे, न कळवता. शेषगिरी स्वतः बनियनवर बाहेर आले. म्हणाले, "या वनजाबाई, लाल दिवा इथे दर्शनी भागातच बसवलाय, किल्ली लागत नाही." कामवाल्या पोरी हसल्या. मी गच्चीवर गेले. पैंनी तीच टाकी तिथे नेली आहे, वर आणखी एक जोडली आहे. जुनीवर अम्माच्या हळदीकुंकवाची पाच बोटं अजून आहेत, पावसाने नुसती फिकी झाली आहेत. शेषगिरी म्हणाले, "पुसून घेतो, राहूनच गेलं." मी म्हटलं, नियमात तसं काही नाही.

कॉइल बंद होती. पाणी गरम होतं. मी तसं लिहिलं आणि सही केली. तू त्यांना सांगितलंस ते खोटं पडलं नाही.

निवेदनही दिलं, पण तू सांगितलंस ते नव्हे. त्यात लिहिलं की कॉइल मला माहीत असताना, माझ्या संमतीने चालू होती. माझी आई अशिक्षित आहे, पण तिने काही लपवलं नाही आणि न विचारता काही केलं नाही. त्या पहाटेची परवानगी मी कोणाकडे मागितली, ती कोणी दिली, पाहणीची पहाट कोणी ठरवली आणि पुढच्या नंबराशी तिचं नातं काय, हेही लिहिलं. तुझी पत्रं जोडली नाहीत. ती मला लिहिलेली आहेत. तू नाकारलंस तर माझ्या हातात काही नाही, हे समजूनच दिलं. माझं काम जाईल असं साहेबांचा कारकून म्हणाला. बहुतेक जाईल.

देण्याआधी अम्माला वाचून दाखवलं. तिला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. तुझं नाव आलं तेव्हा तिने मला थांबवलं.

"ती पोर सासरी नांदते," म्हणाली. "हे गेलं तर तिला त्या घरात कोणी पाणी विचारणार नाही. माझं व्हायचं ते झालं. तिचं नाव काढून टाक."

"अम्मा, मग उरतं काय? मग नुसती आपली चूक उरते."

"उरू दे. आपल्याला सवय आहे."

मी पेन उघडलं होतं. तिने तेलकट हात लुगड्याला पुसले आणि कागदावर बोट ठेवून विचारलं, "कुठे आहे तिचं नाव? हे?" तिला वाचता येत नाही, पण बोट बरोबर तुझ्या नावावर होतं, मी तिथेच अडले होते म्हणून तिला कळलं असेल. बराच वेळ बोट तिथून उचललं नाही.

आयुष्यात मी तिचं बहुतेक सगळं ऐकलं आहे. टाकी रिकामी करायचंसुद्धा ऐकलं. हे ऐकलं नाही. तुझं नाव होतं तिथेच ठेवलं, काल सकाळच्या बसने शिमोग्याला आले, तुझ्या खोलीवरून पुढे जाऊन साहेबांच्या हातात कागद दिला आणि दुपारच्या बसने परत आले.

वनजा